मुखपृष्ठ

वायकोळे सरांना
(सर नव्हेत, रेल्वेतले गुड्स क्लार्क,
पण पुस्तक काढणाऱ्याला फैजपुरात आम्ही सरच म्हणतो)
मुखपृष्ठावर हमाल हवा होता.
सावद्याच्या मालधक्क्यावरचा,
खांद्यावर घड, मागे वॅगन, साल शहात्तर-सत्त्याहत्तर.

फोटो आहे का, विचारलं.
म्हणाले, साहेबांच्या निरोपसमारंभाचे आहेत, एकोणीस.
हमालाचा कोण काढणार?

मग रात्री शोधत बसलो.
नुसतं केळी टाकलं की बशीतली केळी येतात,
मग दात दाखवणारी पोरगी, मग माकड.
एकात तर झाडावरचा घड खाली तोंड करून;
आमच्याकडचं दुसरीतलं पोर हसलं असतं.
केळी मजूर टाकलं तेव्हा कुठे माणसं आली,
इक्वाडोरची, फिलिपिन्सची,
पायात गमबूट, घडांना निळ्या पिशव्या.

साडेअकराला सापडला तो.
पाठमोरा, ओझ्यानं वाकलेला,
मान एवढीशी वळवलेली.
पाठीवर वॉटरमार्कच्या तिरप्या रेघा,
दोरखंडाचे वळ असावेत तशा.
तीनशे चाळीस रुपये भरले.
वळ गेले.

पिशवीला पानाचा हिरवा दिला. गमबूट खालून छाटले.
राहता राहिलं ते वळलेलं तोंड,
ते आपल्याकडचं नव्हतं, कुणीही ओळखलं असतं,
म्हणून शीर्षकाची पट्टी तिथवर खाली ओढली.
मुख गेलं, पृष्ठ राहिलं.
मागची वॅगन, खरं सांगायचं तर, पोलंडची.

प्रकाशनाला शंभर खुर्च्या, साठेक माणसं, पेढे.
सायबू तडवीला सरांनी मुद्दाम रिक्षा पाठवून आणलं,
अकरा वर्षं होता तो धक्क्यावर.
पुस्तक त्यानं उघडलं नाहीच.
लांब धरलं, जवळ धरलं,
म्हणाला, "हा त मीच हाये."
सरांनी माझ्याकडे पाहिलं.
मी पेढ्याच्या कागदाची घडी घालत होतो, मग घडीची घडी.

पुढे कळलं, पुस्तक त्याच्या घरी
पत्र्याच्या पेटीत असतं, फडक्यात गुंडाळलेलं,
पाहुणा आला की निघतं.

आठ महिन्यांनी रावेर रस्त्याला
खताच्या कंपनीचं होर्डिंग लागलं.
तीच पाठ, तोच घड, पिशवी पुन्हा निळी,
आणि त्यांना लपवायचं काही कारण नव्हतं,
म्हणून वीस फुटांवर तोंड.

दुसऱ्याच दिवशी तो दुकानात.
बसला नाही, पाणी घेतलं नाही.
"मह्या धडावर हे डोकं कोनाचं लावलं रे भो?"

सांगितलं मग सगळं.
इंटरनेट, विकत, एकच फोटो कितीही जणांना,
लायसन्सचा कागदही काढला.
त्यावर फोटो काढणाऱ्याचं नाव होतं, एक अकरा आकडी नंबर होता.
पाठीच्या मालकाचा रकाना नव्हता.
आत, श्रेयनामावलीत, मुखपृष्ठापुढे माझं नाव. ते मी दाखवलं नाही.

सायबूकाका गप्प.
पंखा तेवढा कटकट करत होता.
मग म्हणाला, "त्याले दाखोलं का कोनी, पुस्तक?"

माझ्याकडे याला काही उत्तर नव्हतं.
त्यानं सदऱ्याची वरची दोन बटणं काढली,
उजवा खांदा उघडा केला.
मानेच्या बुडाशी घट्टा, सुपारीएवढा,
चाळीस वर्षांत न गेलेला.
"त्याले हाये का पाह्य."

मूळ फाइल उघडली. शंभर टक्के, दोनशे, चारशे.
खांद्याचे नुसते चौकोन झाले,
तपकिरी, त्याहून तपकिरी, एक जवळजवळ काळा.
मला काहीच कळेना.
सायबूकाका पडद्याला नाक लावून
बराच वेळ पाहत राहिला.

"हाये," म्हणाला,
आणि बटणं लावायला लागला.